यंत्राची काळजी आणि बाईची हाडं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून)

फळ्यावर 'जड धातूंचं प्रदूषण आणि आयनिक द्रव' असा विषय लिहिलेला बघून मागच्या रांगेतल्या काहीजणी चहाला निघाल्या होत्या, ते मी पाहिलं. त्यांना दोष देत नाही. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि वस्तीत काम करते. हा विषय मी वाचायला घेतला तो एका प्रश्नामुळे.

आम्ही काम करतो त्या वस्तीत भंगाराचा धंदा मोठा आहे. पुरुष माल आणतात, वजन करतात, पैसे मोजून घेतात. बायका घरात बसून वायरी सोलतात, जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या पाट्या शेगडीवर तापवून त्यातले भाग चिमट्याने उपटतात. पलीकडच्या गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. एका बैठकीला एक इंजिनिअर तरुण पाहुणा म्हणून आला होता. त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, की आता असे नवे द्रव निघाले आहेत की पाट्या त्यात टाकल्या की धातू सुटून येतो. धूर नाही, वास नाही. वीस वर्षं पाट्या तापवणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, ''वास न्हाई म्हंजे इख न्हाई, असं हाय का?'' तो गप्प बसला. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. ते शोधताना जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी जड धातू. शिसं, पारा, कॅडमियम ही त्यातली मुख्य नावं. यांचा स्वभाव असा की ते जळत नाहीत, कुजत नाहीत, सडत नाहीत. भाजीचा पाला उकिरड्यावर टाकला तर त्याची माती होते. शिसं मातीत टाकलं तर शंभर वर्षांनीही ते शिसंच राहतं. त्याचं रूप बदलेल, जागा बदलेल, नाश होणार नाही. म्हणून 'प्रदूषण साफ केलं' असं कुणी म्हणालं की आपण विचारायचं: साफ करून कुठे ठेवलंत?

आता आयनिक द्रव. नाव अवघड आहे, वस्तू समजायला सोपी आहे. आपलं जेवणातलं मीठ म्हणजे विजेचा भार असलेले दोन प्रकारचे कण, एक धन, एक ऋण. या कणांना आयन म्हणतात. ते एकमेकांना इतके घट्ट धरून, इतके शिस्तीत रचलेले असतात, की मीठ वितळवायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. मांडणीवर एका मापाचे डबे कसे एकावर एक घट्ट बसतात, तसं. पण त्या डब्यांमध्ये मध्येच एक लांब दांड्याची कढई घातली की रचना बसत नाही, सगळं डगमगतं. रसायनशास्त्रज्ञ हेच करतात. मिठातल्या एका कणाच्या जागी मोठा, वेडावाकडा, शेपटीवाला कण घालतात. मग ते मीठ घट्ट बसू शकत नाही आणि साध्या हवामानातही पातळ राहतं. पॉल वाल्डेन या शास्त्रज्ञाने १९१४ सालीच असं एक मीठ नोंदवलं होतं, ते साधारण १२ अंशांवरच वितळतं. पुढे कित्येक वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

नंतर ती घेतली गेली, कारण या द्रवांची वाफ जवळजवळ होतच नाही. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांचं झाकण उघडलं की वास येतो, कारण ते हवेत उडतात. त्यातच कामगारांचा जीव जातो आणि त्यातूनच आगी लागतात. हे नवे द्रव उडत नाहीत. म्हणून त्यांना 'हरित' हे विशेषण लागलं. शिवाय शेपटी बदलली की गुण बदलतो; हव्या त्या कामासाठी हवा तसा द्रव घडवता येतो.

२००१ साली अमेरिकेतल्या ॲन व्हिसर, रॉबिन रॉजर्स, जेम्स डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. त्यांनी या द्रवाच्या कणाला गंधक असलेले गट जोडले आणि पाण्यातला पारा आणि कॅडमियम त्यात ओढून घेतले. गंधकच का? हे खरं तर आपल्याकडच्या वैद्यांना फार जुनं माहीत आहे. पारा आणि गंधक एकत्र खलला की काळी कज्जली होते. पाऱ्याला गंधकाची अशी विलक्षण ओढ आहे. आणि इथेच आपल्या अंगाची गोष्ट सुरू होते, कारण आपल्या शरीरातल्या प्रथिनांमध्येही गंधक असतं. पारा अंगात गेला की तो याच ओढीने त्या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. ज्या गुणामुळे तो प्रयोगशाळेत पकडला जातो, त्याच गुणामुळे तो बाईच्या मेंदूत, मूत्रपिंडात आणि पोटातल्या गर्भात घर करतो.

आता या संशोधनाला मोठं यश कुठे आलं ते ऐका, कारण मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात क्वीन्स विद्यापीठात १९९९ साली आयनिक द्रवांसाठी खास संशोधन केंद्र सुरू झालं. केन सेडन हे तिथले मोठे नाव. २०१८ साली ते वारले. त्यांच्या गटाने मलेशियाच्या पेट्रोनास या सरकारी तेल कंपनीबरोबर काम करून नैसर्गिक वायूतला पारा काढण्याची पद्धत शोधली. तांबं आणि क्लोरीन असलेला एक आयनिक द्रव घ्यायचा, तो सच्छिद्र वाळूसारख्या दाण्यांमध्ये मुरवायचा आणि त्या दाण्यांमधून वायू सोडायचा. पाऱ्याची वाफ दाण्यांतल्या द्रवात अडकते, तिचं क्षारात रूपांतर होतं आणि ती बाहेर येत नाही. प्रयोगशाळेतल्या चमचाभर द्रवापासून निघालेलं हे काम थोड्याच वर्षांत मलेशियातल्या वायूप्रकल्पात मोठ्या टाक्यांमध्ये जाऊन पोचलं. शास्त्र म्हणून हे काम सुंदर आहे. मी वाचताना खरोखर हरखून गेले.

मग मी पुढचा प्रश्न विचारला: वायूतला पारा काढायची एवढी निकड कंपन्यांना का वाटली? पारा विषारी आहे, म्हणून? काही अंशी तेही आहे, नाही असं नाही. पण मुख्य कारण ॲल्युमिनियम. वायू थंड करून त्याचा द्रव करायचा तर ॲल्युमिनियमची मोठी यंत्रं लागतात. पाऱ्याचा अंश त्यांत साचला की ॲल्युमिनियम पोखरलं जातं, ठिसूळ होतं, फुटतं. १९७३ साली अल्जीरियातल्या स्किकडा इथल्या प्रकल्पात असंच यंत्र निकामी झालं. त्यानंतर जगभरच्या वायू कंपन्या पारा मोजायला लागल्या, गाळायला लागल्या. आधी गंधक लावलेला कोळसा वापरत होत्या, मग हे नवे द्रव आले.

मैत्रिणींनो, यंत्र फुटलं आणि उद्योग कामाला लागला. आता दुसरीकडे बघू या, बाईचं हाड मोडलं तेव्हा किती वेळ लागला.

जपानमध्ये तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका ही मित्सुई कंपनीची जस्ताची खाण. जस्ताच्या खनिजात कॅडमियम मिसळलेलं असतं. खाणीचं सांडपाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरात, खाचरातला भात पोटात. १९१० च्या दशकापासून त्या गावांमधल्या बायकांना एक विचित्र दुखणं व्हायला लागलं. आधी कंबर, मग मांड्या, मग चालणं बदकासारखं, मग अंथरूण. हाडं इतकी ठिसूळ की खोकला आला तरी बरगडी मोडायची. त्या सारख्या 'इताई, इताई' म्हणून कण्हायच्या. जपानीत त्याचा अर्थ 'दुखतंय, दुखतंय'. आपली बाई 'आई गं' म्हणते तसं. तेच त्या आजाराचं नाव पडलं. रोगी जवळजवळ सगळ्या बायका होत्या, त्यातही पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या. सरकारने पुढे ज्यांना रोगी म्हणून मान्यता दिली त्यांची संख्या दोनशेच्या आसपास आहे आणि त्यांत पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

बायकांचं दुखणं म्हटल्यावर त्याचं काय झालं असेल हे तुम्हाला सांगायला नको. संधिवात म्हणाले, बाळंतपणाची झीज म्हणाले, अपुरं खाणं म्हणाले, कर्माचा भोगही म्हणाले. युद्धावरून परतलेले नोबोरू हागिनो हे गावातच दवाखाना चालवणारे डॉक्टर. त्यांनी रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तर सगळी त्या नदीचं पाणी घेणाऱ्या पट्ट्यात निघाली. १९५७ मध्ये त्यांनी खाणीकडे बोट दाखवलं, तर गावकरीच रागावले: आमचा तांदूळ कोण घेईल, आमच्या घरात सून कोण देईल? पण बोट दाखवणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. तिथे रसायनशास्त्रज्ञ उपयोगी पडला. ओकायामा विद्यापीठाचे जुन कोबायाशी यांनी नदीचं पाणी आणि मेलेल्या बायकांची हाडं तपासली आणि त्यात भरपूर कॅडमियम सापडलं. १९६१ मध्ये हागिनो आणि शेतीतज्ज्ञ किनइची योशिओका यांनी कॅडमियम हे कारण म्हणून जाहीरपणे मांडलं. सरकारने मान्य केलं १९६८ च्या मे महिन्यात. पहिल्या दुखण्यापासून मान्यतेपर्यंत पन्नास वर्षं. एक पिढी कण्हत गेली, दुसरी कण्हायला लागली.

शास्त्र नव्हतं म्हणून उशीर झाला, असं कुणी म्हणेल. हाडात कॅडमियम शोधण्याचं यंत्र कोबायाशींच्या आधीही जगात होतं. त्या बायकांच्या हाडात शोधण्यासारखं काही असेल, हे कुणाला सुचलं नव्हतं.

आणि ते 'अपुरं खाणं' हे कारण? त्यावर जरा थांबते, कारण ते आपल्याकडेही रोज ऐकू येतं. ते पूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच घातक आहे. आपल्या आतड्याला लोह हवं असतं. लोह कमी पडलं की आतडं ते ओढून घ्यायची ताकद वाढवतं, पण जेवणात लोह नसेल आणि कॅडमियम असेल तर त्याच दारातून कॅडमियम आत येतं. शिशाचंही तसंच. म्हणजे रक्त कमी असलेली बाई तोच भात खाऊन नवऱ्यापेक्षा जास्त विष अंगात घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, देशात ५७ टक्के. हे आकडे आपण रक्तवाढीच्या गोळ्यांच्या कार्यक्रमात पुष्कळदा म्हणतो. ज्या वस्तीत भट्टी आहे तिथे मात्र त्यांचा अर्थ वेगळा होतो. अर्धी वस्ती दार उघडं टाकून बसलेली आहे. बाईने शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं, ही आपली घरोघरची रीत इथे येऊन विषाला मदत करते. पण दार उघडं होतं म्हणून चोर निर्दोष ठरत नाही. जिन्झूच्या खटल्यात नेमका हाच वाद झाला आणि न्यायालयाने बाजू बायकांची घेतली, १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयाने, १९७२ मध्ये अपिलात उच्च न्यायालयाने.

शिशाची आणखी एक गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन नावाचे भूरसायनशास्त्रज्ञ आहेत. शिशाचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात आणि कोणत्या खाणीतलं शिसं आहे हे त्या अणूंच्या प्रमाणावरून ओळखता येतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या जुन्या खनिजातलं शिसं युरोपातल्यापेक्षा वेगळं ओळखू येतं. गल्सन यांनी १९९० च्या दशकात पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात येऊन राहिलेल्या बायकांच्या रक्ताचा त्यांच्या गरोदरपणात आणि अंगावर पाजण्याच्या काळात मागोवा घेतला. दिसलं असं, की गरोदरपणात रक्तात शिसं वाढतं आणि ते नव्या देशातलं नसतं, जुन्या देशातलं असतं. लहानपणापासून हाडांत साठलेलं. शिसं हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. बाळाच्या हाडांसाठी आईचं हाड कॅल्शियम सोडायला लागतं, तेव्हा त्याच्याबरोबर शिसंही निघतं आणि नाळेतून बाळाकडे जातं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे माहेरचं शिसं. माहेरी भट्टीशेजारी वाढलेली पोर लग्न होऊन स्वच्छ गावी गेली, तरी बाळंतपणात ते शिसं तिच्याबरोबर येतं. शहराच्या एका भागातली भट्टी बंद झाली म्हणजे प्रश्न संपला, असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना हे सांगायला हवं. भट्टी पोरींच्या हाडांत चालू असते.

यावर करता येण्याजोगं काहीतरी आहे, म्हणून हा तपशील देते. मेक्सिको शहरात गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं, २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्के कमी. फार नाही, पण फुकटचं नाही. आपल्याकडे गरोदरपणात सरकारी केंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाव्यात असं केंद्र सरकारचं २०१४ पासूनचं मार्गदर्शन आहे. गोळ्या संपल्यात, पुढच्या महिन्यात या, हे वाक्य भट्टीच्या वस्तीत आपण ऐकून घ्यायचं नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. वास नाही म्हणजे विष नाही का?

याचं उत्तर रसायनशास्त्रज्ञांनीच दिलं आहे, आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो. ज्या रॉबिन रॉजर्स यांचं नाव मी मघाशी घेतलं, त्यांच्याच गटाने २००३ मध्ये एक छोटा लेख लिहिला, त्याचा मुद्दा असा की आयनिक द्रव नेहमीच हरित नसतात. त्यांनी तोपर्यंत सगळ्यांत जास्त वापरला जाणारा एक द्रव पाण्याच्या संपर्कात ठेवला, तर तो मोडला आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघालं. हे इतकं जहाल असतं की काचेला खातं. हवेत न उडणारा द्रव सुरक्षित, ही समजूत त्यांनीच मोडली.

दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यकृताचा एक आजार आहे, त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच पित्तनलिकांवर हल्ला करते आणि त्या हळूहळू नष्ट होतात. इंग्रजी नावात शिरत नाही. याच्या दहा रोग्यांत नऊ बायका असतात असं वैद्यकाची पुस्तकं सांगत आली आहेत. या संशोधकांनी एका कचरा डेपोच्या आसपासची माती तपासली, तेव्हा त्यांना एक आयनिक द्रव सापडला, आठ कार्बनच्या शेपटीचा, इमिडॅझोलियम जातीचा. तो यकृताच्या पेशींतली ऊर्जा निर्माण करणारी केंद्रं बिघडवतो, आणि या आजारात शरीर ज्या प्रथिनावर उलटतं त्या प्रथिनात शिरून त्याचं रूप बदलण्याची शक्यता त्यात आहे, असं त्यांना दिसलं. म्हणून आजार सुरू करणाऱ्या कारणांपैकी हे एक असू शकेल, असं त्यांनी मांडलं. ही गोष्ट मी जपून सांगते. या द्रवावर गुन्हा सिद्ध झालेला नाही, तो संशयित आहे. आपण चळवळीतल्या बायका घाईने बोलतो आणि मग एका चुकीच्या वाक्यासाठी समोरचा वकील आपले दहा खरे मुद्दे फेकून देतो. पण जो द्रव हवेत उडत नाही तो पाण्यातून, मातीतून जातो, एवढं मात्र मातीनेच दाखवलं.

तेव्हा मावशींना मी सांगितलं, की तुमचं नाक तुम्हाला फक्त हवेतलं कळवतं. भातातलं कॅडमियम, हाडातलं शिसं, मातीतला नवा द्रव यांपैकी कशालाच वास नसतो. त्या म्हणाल्या, मग मोजायचं कुणी? आता या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञाकडे नाही, आपल्याकडे आणि सरकारकडे आहे.

मोजणं ही सत्ता आहे, हे मला या वाचनात फार तीव्रतेने जाणवलं. मलेशियातल्या प्रकल्पात वायूच्या घनमीटरमागे पाऱ्याचे किती कण आहेत हे मोजायला यंत्रं बसवलेली आहेत. आमच्या वस्तीतल्या एका गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं मोजून द्या म्हणून आम्ही एका सरकारी रुग्णालयात गेलो, तर 'असली तपासणी इथे होत नाही, बाहेरून करून घ्या' असं उत्तर मिळालं. बाहेर त्याचे जे पैसे सांगितले ते तिच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतके होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे की रक्ताच्या एका डेसीलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असलं तर ते कुठून येतंय हे शोधून ते थांबवलं पाहिजे. मोजलंच नाही तर शोधायचं काय आणि थांबवायचं काय? युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये अंदाज दिला की या पातळीच्या वर शिसं असलेली मुलं जगात ८० कोटी आहेत, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतात. मुलांचा आकडा आहे, ठीक आहे. त्यांच्या आयांचा कुठे आहे? आईचं रक्त पोरासाठी मोजायचं असतं, तिच्यासाठी मोजायला अजून कुणाला सुचत नाही.

आपल्या देशातलं एक उदाहरण पटकन सांगते. तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनमधून यंत्रसामग्री हलवून तो इकडे आणला होता. पाऱ्याने माखलेली काच भंगारवाल्याकडे सापडली तेव्हा २००१ मध्ये तो बंद झाला. माजी ५९१ कामगारांशी कंपनीचा समझोता व्हायला २०१६ उजाडलं. तिथली माती खणून धुण्याचं काम तर त्याच्याही पुढे गेलं. मशिनरीला एका देशातून दुसऱ्या देशात जायला लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कामगाराच्या तक्रारीला डोंगर उतरायला लागला.

काहीजणींच्या मनात येईल, की मग हे आयनिक द्रव नकोतच का? मी असं म्हणत नाही. विज्ञानाला शिव्या घालून आपल्या हाती काही लागत नाही. कोबायाशींनी हाडं तपासली नसती तर जिन्झूच्या बायका अजून कर्माचा भोग भोगत असत्या. पाट्या ॲसिडच्या टबात बुडवण्यापेक्षा बंद टाकीत नव्या द्रवाने धातू काढणं चांगलं असू शकतं. पण मला दोन गोष्टी खटकतात. एक, तो द्रव वापरून झाल्यावर कुठे जाणार? धातू काढलेल्या द्रवात धातू आहेच. तो पुन्हा वेगळा करून द्रव परत वापरायचा, हे प्रयोगशाळेत नेटकं होतं, कारण तिथे द्रव महाग असतो आणि थेंब-थेंब जपतात. गल्लीत आला तर गटारात जाईल. आणि दुसरी, वस्तीत पाट्या तापवणाऱ्या बायकांचं काय होणार? नवा स्वच्छ कारखाना येईल, त्यात आयटीआय झालेली मुलं लागतील. वीस वर्षं विष खाल्लेल्या बायकांना त्यात 'कौशल्य नाही' म्हणून जागा नसेल, आणि जुना धंदा बेकायदा म्हणून पोलीस शेगड्या उचलतील. विष त्यांच्या हाडांत, पगार दुसऱ्याच्या हातात. तेव्हा 'स्वच्छ तंत्रज्ञान' या शब्दाला टाळ्या वाजवण्याआधी कामाच्या आणि औषधपाण्याच्या हक्काचं लेखी काय आहे ते विचारायचं.

जिन्झूचं शेवटचं सांगायचं राहिलं. १९७२ ला अपिलात जिंकल्यावर ते गावकरी नुकसानभरपाईचा चेक घेऊन घरी गेले नाहीत. त्यांनी कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या: रुग्णांची भरपाई, शेतजमिनीची दुरुस्ती, आणि तिसरी, गावकऱ्यांना वाटेल तेव्हा आपले तज्ज्ञ घेऊन खाणीत शिरून तपासणी करण्याचा हक्क, खर्च कंपनीचा. तेव्हापासून ते दरवर्षी खाणीत जात आले आहेत. नमुने घेतात, कागद मागतात, प्रश्न विचारतात. विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर जातात, त्यांच्या बाजूने. भातखाचरांची विषारी माती बदलण्याचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, तेहतीस वर्षं चाललं होतं. मला वाटतं नुकसानभरपाईपेक्षा त्या आत शिरण्याच्या हक्काची किंमत जास्त आहे. आपल्या किती लढ्यांमध्ये आपण हा हक्क मागितला, यावर दुपारच्या गटचर्चेत बोलू या.

कामाचं सांगते आणि थांबते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या भागात शिसं वितळवणाऱ्या किंवा पाट्या तापवणाऱ्या जागा किती, त्या घरात आहेत की घराबाहेर, तिथे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका किती, हे साध्या वहीत लिहून आणावं. नावं लिहू नका, पोलिसांच्या हाती गेलं तर त्यांनाच त्रास होईल. कामावरचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर कोण धुतं तेही विचारा; उत्तर तुम्हाला माहीत आहे, तरी विचारा, कारण ती धूळ त्या बादलीतून जाते. जिल्हा रुग्णालयात रक्तातलं शिसं तपासण्याची सोय आहे का, असा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. रसायनशास्त्र शिकवणारी एखादी कॉलेजातली बाई ओळखीची असेल तर तिलाही घेऊन या. आपल्याला तिची गरज आहे, आणि कदाचित तिलाही आपली असेल.

आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.